तुसाची जमीन

माझ्या हाताला वेल्डिंग येतं हे गावाला ठाऊक आहे, आणि मला ते जरा जास्तच ठाऊक आहे. मुरबाडच्या कारखान्यात एकोणीस वर्षं जोडकाम केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला न जमणारी गोष्ट जगात नाहीच. त्यामुळे माझी मुलगी कुणाली जेव्हा म्हणाली की भरतीसाठी जिम लावावी लागेल, तेव्हा तिने रोज मुरबाडपर्यंत एसटीने जावं हे मला पटलं नाही. घराला लागून टेम्पोचं गॅरेज होतं. टेम्पो विकून दोन वर्षं झाली होती आणि त्या गॅरेजात आता जुनी दारं, फुटकी पिंपं आणि माझी वेल्डिंगची पेटी एवढंच होतं. मी म्हटलं, जिम आपण इथेच करू.

कुणाली पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या खेपेला धावण्यात ती कुणाला ऐकली नाही, पण गोळाफेकीत मार खाल्ला आणि दोन मार्कांनी राहिली. मैदानावर कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्या दंडात जोर नाही. घरी येऊन तिने ते हसत सांगितलं, पण मला ते जिव्हारी लागलं. माझ्या पोरीच्या दंडात जोर नाही म्हणजे काय?

दिवाळीनंतर मी कामाला लागलो. भंगारातून एक सरळ शाफ्ट आणला, त्याचा बार केला. ऑइलच्या डब्यांत काँक्रीट ओतून वजनं केली आणि प्रत्येकावर रंगाने किलो लिहिले. चौकोनी पाइपांचा बेंच केला आणि त्यावर आमच्याच टेम्पोची जुनी सीट बसवली. बार अडकवायला दोन खांब उभे केले. पहिल्या दिवशी कुणाली त्या बेंचवर आडवी झाली तेव्हा म्हणाली, टेम्पोत बसल्यासारखं वाटतंय. मी दिवसभर खुशीत होतो.

अडचण जमिनीची होती. खाली कोबा होता. वजन खाली ठेवताना जरा सुटलं की कोब्याला तडा जायचा आणि घरात भांडी वाजायची. कुणालीने मोबाइलवर शहरातल्या जिमची रबरी जमीन दाखवली. मी म्हटलं, याहून चांगली जमीन मी तुला करून देतो. इथे माझी बुद्धी चालली, आणि ती कुठवर चालली ते आता सांगतो.

मी लोखंडी अँगलची वीतभर उंच चौकट केली. तीत भाताच्या तुसाच्या गोण्या दाबून दाबून बसवल्या. गोण्यांवर जुन्या दारांच्या फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर खडीच्या क्रशरचा टाकून दिलेला जाड रबरी पट्टा अंथरला. तुसाला हवा लागली पाहिजे, नाहीतर कुबट वास सुटतो, म्हणून मी फळ्यांमध्ये दोन-दोन बोटांच्या फटी ठेवल्या आणि पट्ट्याचे तुकडेही जरा लांब-लांब टाकले. वरून वीस किलोचा डबा सोडला तर थप्प एवढाच आवाज यायचा. बायको, सुंदरा, दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं की तूस कुठला आणला.

जवळच्या धसई गावात भाताच्या दोन गिरण्या आहेत. नव्या गिरणीत तूस स्वच्छ निघतो, पण तो सगळा वीटभट्टीवाले उचलतात. जुन्या हलरमध्ये भात भरडताना तुसात कणी आणि कोंडा मिसळून येतो, म्हणून तो कुणी नेत नाही. मी तो आणला होता. सुंदराने मूठभर तूस तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि खाली राहिलेली कणी मला दाखवली. म्हणाली, उंदीर येतील. मी म्हटलं, येऊ दे, त्यांचाही व्यायाम होईल.

उंदीर आले. नाताळच्या सुट्टीपर्यंत तर त्यांनी टेम्पोच्या सीटचा कोपरा कुरतडून आतला स्पंज बाहेर काढला. कुणाली दंड-बैठका काढायची आणि खालून खसखस ऐकू यायची. मी सुकट लावून दोन पिंजरे ठेवले. चार उंदीर मिळाले. मग जानेवारी संपता संपता खसखस थांबली. मी सुंदराला ऐकवलं की बघ, चार गेले आणि बाकीचे धसका घेऊन पळाले. तिने चुलीवरची भाकरी उलटली.

"आठ दिवसांत पिंजऱ्यात काय गावलं नाय," ती म्हणाली. "मग गेलं कुठं सगळं?"

मला उत्तर माहीत होतं. शेतावरच्या घरात वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. पण मी अंघोळीला गेलो.

पुढच्या रविवारी मी गॅरेज झाडत होतो. शटरच्या बाजूला वजनांची चळत होती, तिच्यामागे पट्ट्याच्या कडेला काहीतरी चकाकलं. मला वाटलं प्लास्टिक. ओढलं तर येतच राहिलं. दोन हात लांब झाली तरी संपेना. कात होती, कोरडी, अंगठ्याहून जाड, आणि एका टोकाला डोळ्यांच्या जागच्या दोन गोल काचाही शाबूत होत्या. मी तिथेच खाली बसलो आणि बसल्यावर लक्षात आलं की मी कशावर बसलोय. तसाच उठलो.

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. सापालाही नावाने हाक मारत नाहीत, जनावर म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला, बुधूला, तो नऊ वर्षांचा असताना पान लागलं. आम्ही दोघं एकाच गोधडीवर जमिनीवर झोपलो होतो. पहाटे तो म्हणाला की पोटात दुखतंय. आदल्या दिवशी त्याने उकडलेली रताळी खाल्ली होती, म्हणून आईने त्याला ओवा दिला. अंगावर कुठे चावल्याची खूण नव्हती. मग त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. झोप आलीय असं आम्हाला वाटलं. मुरबाडला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या मांडीवर होता आणि मी त्याला सारखं म्हणत होतो, बुधू, डोळे उघड. तो गेल्यावर दवाखान्यात कळलं की ती मण्यार होती. मण्यार चावल्याचं झोपलेल्याला कळतही नाही. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

आणि तरीही त्या रविवारी मी ती कात वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वेल्डिंगच्या काड्यांच्या डब्यात दडवली.

का, ते सांगतो. मैदानी चाचणीला बावीस दिवस राहिले होते. कुणालीचा गोळा दीड हात पुढे पडायला लागला होता. सुंदराला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी कुलूप घातलं असतं. ही झाली चांगली कारणं. खरं कारण असं की तूस मी आणला होता. कणी मला दाखवली होती आणि मी विनोद केला होता. मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. मी स्वतःला समजावलं की कात एवढी लांब आहे म्हणजे धामणच असणार, आणि असली तरी ती उंदीर खाऊन निघून गेली असणार.

एवढी खात्री होती तर मग मी शांत झोपायला हवं होतं. झोप कसली लागते? त्या दिवसापासून मी जिममध्ये एकामागून एक सुधारणा करायला लागलो. चार नव्या ट्यूब लावल्या, कोपऱ्यात सावली म्हणून राहू दिली नाही. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. भिंतीत जिथे जिथे बोट जाईल एवढं भोक होतं तिथे बाहेरून सिमेंट भरलं. शटरखाली रबराची पट्टी लावली. रोज सकाळी आणि संध्याकाळी कुणाली यायच्या आधी मीच शटर उघडायचो, लोखंडी कांब घेऊन पट्ट्यावर आपटत चारी कोपरे फिरायचो, आणि तिने विचारलं की सांगायचो, फळ्या सैल झाल्यात का बघतोय. ती आईला म्हणाली की बाबांनी पाळत ठेवलीय. पण भोकं बुजवताना एक विचार माझ्या डोक्यात आला नाही. बाहेरचं आत येऊ नये म्हणून मी सिमेंट भरत होतो. आत काय राहिलंय हे मी कुठे बघितलं होतं?

एका सकाळी मी कामावर निघालो होतो आणि कुणाली पोट धरून ओट्यावर बसलेली दिसली. आईला सांगत होती की पोटात दुखतंय. माझ्या हातातला डबा खाली पडला. मी आतून टॉर्च आणला, तिची हनुवटी धरली आणि उजेड डोळ्यांवर मारला. मी म्हटलं, वर बघ. पापण्या उचल. आता खाली. पुन्हा वर. माझा आवाज कसा येत होता ते मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

"बाबा, पोटात दुखतंय," ती म्हणाली. "डोळ्यांत नाय."

सुंदराने मला ढकललंच. म्हणाली, महिन्याचं दुखणं आहे तिचं, तुमचं काय चाललंय. मी काहीतरी पुटपुटून गाडीला किक मारली. वळणावर मागे पाहिलं तर कुणाली अजून माझ्याकडेच बघत होती. त्या दिवशी कारखान्यात मी तीन वेळा घरी फोन केला आणि प्रत्येक वेळी निमित्त वेगळं सांगितलं.

चाचणीला आठ दिवस राहिले तेव्हाचा रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. नेहमीप्रमाणे कांब आपटून झाली होती. कुणालीला त्या दिवशी बेंचवर पाच किलो वाढवायचे होते. बार अडकवायच्या खांबाचा एक नट ढिला वाटला म्हणून मी तिला थांबायला सांगितलं आणि पाना आणायला घरात गेलो. पाना सापडायला वेळ लागला. ती थांबली नाही.

मी शटरपाशी आलो तेव्हा ती बेंचवर उताणी होती. बार छातीवर उतरलेला, कोपरं थरथरत होती, चेहरा लालबुंद. दोन्ही पाय खाली पट्ट्यावर रोवलेले. आणि मागच्या भिंतीकडून, पट्ट्याच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतून, एक डोकं वर आलं होतं. ते सावकाश बाहेर येत राहिलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आता संपेल, आता शेपूट येईल, आणि ते येत नव्हतं. ते बेंचखाली शिरलं. तिच्या दोन पायांच्या मधोमध.

मी धावलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी धावलो नाही. माझे पाय उंबऱ्याला चिकटले होते. ओरडलो तर ती दचकेल आणि बार गळ्यावर येईल, एवढं कळत होतं. गप्प राहिलो तर पाय हलवेल, हेही कळत होतं. हातातला पाना घामाने निसटायला लागला. मला जीपमधला बुधू दिसत होता, आणि पुढे काही सुचत नव्हतं.

"बाबा," ती दात आवळून म्हणाली. माझी चाहूल तिला लागली होती. "बार धरा."

तेव्हा मी हललो. मधे शेपूट आडवं होतं, ते ओलांडलं. तिच्या डोक्यामागे जाऊन बार धरला आणि दोघांनी मिळून तो खांबांवर चढवला. मी हळू आवाजात सांगितलं की पाय वर घे आणि बोलू नको. तिने पाय छातीशी घेतले. का म्हणून विचारलं नाही, खाली वाकून पाहिलंही नाही. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ते लांबलचक अंग वजनांच्या चळतीमागे जाईपर्यंत मी तिचे खांदे धरून उभा होतो. मग तिला खाली पाय टेकू न देता तसंच उचललं आणि अंगणात आणलं. बावीस वर्षांच्या पोरीला उचलून आणलं तरी मला वजन लागलं नाही.

धसईला साईनाथ नावाचा तरुण आहे. मोबाइल रिचार्जचं दुकान चालवतो आणि साप पकडून रानात सोडतो. अर्ध्या तासात तो गाडीवरून आला. लांब आकडा आणि कापडी पिशव्या घेऊन आत गेला आणि थोड्याच वेळात बाहेर आला तो हसतच. त्याच्या हाताला सात फुटांची पिवळट जाडजूड धामण लोंबत होती.

"धामण हाय, काका. विष नाय," तो म्हणाला. "तुमचं उंदीर खाऊन ही बघा कशी झालीय."

सुंदराने दुरून हात जोडले. मी ओट्यावर बसून हसायला लागलो. हसताना डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस छातीवर धरलेला बार कुणीतरी उचलल्यासारखं झालं. त्या भरात मी उठलो, काड्यांचा डबा आणला आणि कात साईनाथपुढे टाकली. म्हटलं, हिचीच का बघ. त्याने ती उलगडली, धामणीशी ताडून पाहिली आणि मान हलवली. हिचीच होती. सुंदराने मला विचारलं की ही कधी मिळाली. मी म्हणालो, पंधरवडा झाला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला मान खाली घालावी लागली.

तेवढ्यात कुणाली घरात गेली आणि तिच्या बुटांचा खोका घेऊन आली. खोक्यात कागदाखाली आणखी एक कात होती. बारीक, हातभराहून थोडी लांब.

साईनाथचं हसू गेलं. त्याने धामण पिशवीत घालून तोंड बांधलं, पिशवी बाजूला ठेवली, ती कात उजेडात धरली आणि पाठीवरच्या खवल्यांच्या मधल्या रांगेवरून अंगठा फिरवला. ती रांग बाजूच्या रांगांपेक्षा मोठी होती, प्रत्येक खवला सहा कोनांचा.

"ही धामणीची नाय," तो म्हणाला. मग सुंदराकडे एकदा बघून आवाज खाली घेतला. "काका, मण्यार हाय ही. कुठं गावली?"

कुणाली म्हणाली, बेंचच्या डोक्याकडे, पट्ट्याच्या फटीत. तिथे ती रोज शंभर सिट-अप्स मारते. संक्रांतीच्या आधी मिळाली. कुणाची आहे ते तिला कळलं नव्हतं, आणि आम्हाला सांगितलं तर जिम बंद होईल म्हणून तिने ती लपवली. मी तिच्यावर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. तो हात तसाच वर राहिला, कारण तिने पुढे जे सांगितलं ते ऐकून तो खाली घेण्याचंही मला सुचलं नाही.

"मी पण भीत होते, बाबा. दोन दिस गेलेच नाय आत," ती म्हणाली. "मग भीत भीतच जात होते. नंतर तुमी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारलात. बुधूकाकाचं मला माहीत हाय ना. तवा समजलं की तुमाला पण कळलंय. आणि तरी तुमी रोज शटर उघडून मला आत पाठवत होतात. मला वाटलं, बाबा पाठवतात म्हणजे भिण्यासारखं काय नसंल."

मी हात खाली घेतला आणि ओट्यावर बसलो.

साईनाथने विचारलं की आतून बाहेर जायला वाटा किती आहेत. मी सांगितलं, एकही नाही. सगळी भोकं मी बुजवली, जाळी लावली, शटरखाली पट्टी लावली. तो म्हणाला, मग आतच आहे, जमीन उचलावी लागेल. दिवसा ती निपचित असते, तूस उबदार असतो, आत्ताच उचललेली बरी. एका बाजूने धरायला माणूस हवा होता. कुणाली पुढे झाली तेव्हा सुंदराने तिचं मनगट असं धरलं की ते दुसऱ्या दिवशीही लाल होतं. मी उठलो.

"बाबा, पायात बूट घाला," कुणाली मागून म्हणाली. मी अनवाणी होतो.

कारखान्याचे बूट घातले. आधी पट्टे ओढून बाहेर काढले. मग शटरकडून एकेक फळी. प्रत्येक फळीला साईनाथ आकडा तयार ठेवून म्हणायचा, हळू, काका, आता. आणि खाली फक्त तूस, उंदरांनी फाडलेली गोणपाटं, लेंड्या. सहा फळ्या झाल्या. सात झाल्या. मला वाटायला लागलं की नसेल, ती केव्हाच गेली असेल, आणि वाटताना लाजही वाटली, कारण पंधरा दिवस मी हेच करत आलो होतो.

नववी फळी बेंचच्या डोक्याकडची होती. ती उचलली. फाटक्या गोणीच्या खळग्यात ती वेटोळं करून पडली होती. काळीभोर, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, डोकं वेटोळ्याखाली घातलेलं. झोपली होती. तिच्या बरोबर वर, फळीत, दोन बोटांची फट होती. तुसाला हवा लागावी म्हणून ती मीच ठेवली होती.

साईनाथने आकड्याने तिला अलगद उचललं. ती जागीही झाल्यासारखी वाटली नाही. दुसऱ्या पिशवीत गेली, पिशवीला गाठ पडली. मी मात्र फळी धरून तसाच उभा होतो. फटीच्या कडेला पट्ट्यावरून गळलेला एक लांब केस अडकला होता.

"बाबा, गावलं का?" कुणालीने अंगणातून विचारलं.

साईनाथने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, की पोरीला सगळं सांगू नका. नुसतं गावलं म्हणून विषय मिटवता आला असता. मी फळी खाली ठेवली आणि शटरपाशी येऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"गावलं," मी म्हणालो. "तुझ्या डोक्याखाली होतं, गो. आणि मला ठाऊक होतं की आत काय तरी हाय."